दोनदा छत्तीस : सेंट किल्डा बेट रिकामं होण्याचं प्रकरण

१८५२ साली या बेटावरून छत्तीस माणसं ऑस्ट्रेलियाला जायला निघाली. त्यानंतरही बेट ७८ वर्षं नांदतं राहिलं. १९३० साली पुन्हा छत्तीस माणसं निघाली आणि मागे चूल पेटवायला कुणी उरलं नाही. दोन्ही वेळा आकडा एकच, तरी पहिल्यांदा बेट तगलं आणि दुसऱ्यांदा संपलं. असं का झालं, हे समजून घ्यायला हे प्रकरण मांडतो आहे.

लोकसंख्येबद्दल बोलताना आपण पटकन कोटींवर जातो, आणि कोटींत माणूस दिसत नाही. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरून आलं, कोण बाहेर पडलं, एवढ्या चारच गोष्टींनी कुठल्याही गावाची, देशाची लोकसंख्या बदलते. पण मोठ्या देशात हे चारही प्रवाह एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कुठला कशाला कारण ठरला ते सांगता येत नाही. सेंट किल्डात ते बोटांवर मोजता येतात. इथल्या बहुतेक घटनांची त्या त्या वेळी नोंद झाली आहे, हेही एक भाग्यच. बेटाचं नाव झाकून काही साधणार नाही. रहिवाशांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. त्यांचे वंशज आजही आहेत, आणि मुद्दा समजायला नावांची गरज पडत नाही.

## पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे. तिच्याही पलीकडे, नॉर्थ युइस्ट बेटापासून सुमारे ६४ किलोमीटरवर, सेंट किल्डाचा बेटसमूह अटलांटिकमध्ये एकटा उभा आहे. त्यातलं हिर्टा हे एकच बेट वस्तीचं. साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, एका बाजूला अर्धगोल खाडी, तिच्या काठाने ओळीत घरं, आणि पाठीशी ४३० मीटर उंचीचा डोंगर. तो डोंगर पलीकडच्या अंगाला थेट समुद्रात तुटलेला आहे. झाड औषधालाही नाही.

माणसं इथे किमान दोन हजार वर्षं राहत होती. थोडा जव, थोडे ओट, काही गुरं, मेंढ्या, आणि मुख्य आधार समुद्रपक्ष्यांचा. गॅनेट, फुल्मर आणि पफिन हे पक्षी कड्यांवर लाखांनी घरटी करतात. त्यांचं मांस हिवाळ्यासाठी साठवायचं, तेल दिव्यात घालायचं आणि पिसं खंड म्हणून द्यायची. बेटाचा मालक दुसऱ्या बेटावर राहायचा. त्याचा कारभारी होडी घेऊन यायचा आणि पिसं, तेल, लोकरी कापड असा खंड वसूल करून न्यायचा. पैशाचा व्यवहार जवळपास नव्हताच. रोज सकाळी गावातले पुरुष घरांसमोर जमून आज काय काम करायचं ते ठरवत. पकडलेल्या पक्ष्यांची घरागणिक वाटणी होई, आणि विधवांचा, म्हाताऱ्यांचा वाटा त्यात धरलेला असे.

या जगण्याचा कणा होता कर्त्या माणसांचा. कड्यावरून दोर सोडून एक जण उतरला तर वर तो दोर धरायला दुसरा हवा. शेजारच्या सुळक्यावर जायचं तर होडी ओढायला आणि वल्हवायला गडी हवेत, शिवाय माणसं वर चढेपर्यंत ती खडकावर आदळू न देता धरून ठेवणारेही हवेत. ही कामं एकट्याने थोडीथोडी करून भागत नाहीत. पुरेसे हात एकाच वेळी नसतील तर ते काम होतच नाही.

याचा सगळ्यात कठोर दाखला १७२७ सालचा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडायला स्टॅक अॅन आर्मिन नावाच्या सुळक्यावर उतरले. थोड्या दिवसांनी होडी परत न्यायला येणार होती. ती आली नाही. दरम्यान हिर्टावर देवीची साथ पोचली होती आणि गावातली बहुतेक माणसं त्यात गेली. होडी वल्हवायला पुरेसे धडधाकट गडीच उरले नव्हते. ते अकरा जण त्या उभ्या खडकावर पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे जवळपास नऊ महिने अडकून पडले, पक्षी आणि मासे खाऊन जगले. समोर, काही किलोमीटरवर, आपलं घर असलेलं बेट त्यांना दिसत असणार. तिथे काय चाललंय हे कळायला मात्र मार्ग नव्हता.

आता आकडे. १६९७ साली एका प्रवाशाने इथे सुमारे १८० माणसं असल्याचं नोंदवलं. १७२७ च्या साथीनंतर मालकाने हॅरिस आणि स्काय या बेटांवरून नवी कुटुंबं आणून वसवली. १७६४ च्या मोजणीत ९० माणसं भरली. १८५१ पर्यंत आकडा ११० च्या घरात गेला होता. मग १८५२ चं ते ऑस्ट्रेलियाचं जहाज. गावातला तिसरा हिस्सा एकदम गेला. त्या छत्तिसांतली निम्म्याच्या आसपास माणसं नव्या देशात स्थिरावण्याआधीच दगावली. मुख्य कारण गोवर, कारण इतक्या तुटक ठिकाणी वाढलेल्यांच्या अंगात त्या रोगाचा प्रतिकारच तयार झालेला नव्हता. एकाकीपणाची किंमत माणूस बेट सोडल्यावरही कशी चुकवतो ते इथे दिसतं.

त्यानंतर अर्धं शतक गावाची संख्या सत्तरच्या आसपास रेंगाळली.

## अडचण

१८५२ नंतर गाव पुन्हा का वाढलं नाही? एरवी अशी घट दोन पिढ्यांत भरून निघते. इथे दोन गोष्टी आड आल्या.

पहिली, बाळांचं मरण. एकोणिसाव्या शतकात हिर्टावर जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळं पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच जात. गावकरी त्याला आठ दिवसांचा आजार म्हणत. तो नवजात बाळांचा धनुर्वात होता. नाळ कापताना, बांधताना जंतुसंसर्ग होई. कुठल्याही समाजाच्या जन्मदराकडे नुसतं पाहून त्याच्या वाढीचा अंदाज बांधू नये, तो याचसाठी. बायका गरोदर राहत होत्या, बाळंत होत होत्या, पण गाव वाढत नव्हतं. १८९० च्या दशकात इथल्या पाद्र्याने स्वच्छ बाळंतपणाची पद्धत शिकून घेतली, ती बेटावर आग्रहाने लावली, आणि हे मरण थांबलं. एका माणसाने नीट शिकून घेतलेल्या एका साध्या गोष्टीने शतकभराचं दुखणं संपवलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात उजळ वाटणारी जागा हीच.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, आणि माझ्या मते तीच खरी. १७२७ नंतर बाहेरून माणसं आली होती. १८५२ नंतर त्या तोडीची माणसं कुणी आणली नाहीत. चार प्रवाहांपैकी येणाऱ्यांचा प्रवाह आटला होता. पाद्री, शिक्षक, परिचारिका येत आणि काही वर्षांनी जात. जमीन कसणारं, कड्यावर उतरणारं नवं कुटुंब येत नव्हतं. १८८५ साली अर्न्स्ट रेव्हेनस्टाइन या अभ्यासकाने ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यातला एक असा की माणसांच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर एक उलटा, छोटा प्रवाहही असतो. गावातून शहराकडे लोक जातात तसे थोडे परतही येतात. हिर्टावर तो उलटा प्रवाह नव्हताच म्हटलं तरी चालेल, म्हणून इथून गेलेला प्रत्येक माणूस कायमचा वजा होत गेला.

बाहेरच्या जगाशी संबंध मात्र वाढत होता. १८७७ पासून उन्हाळ्यात प्रवाशांच्या आगबोटी येऊ लागल्या. लोक बेट बघायला, माणसं बघायला येत. गावकरी त्यांना कापड, अंडी विकत. पैसा आला आणि त्याबरोबर बाहेरच्या वस्तूंची सवयही लागली. बोट येऊन गेली की सगळ्या गावाला सर्दी होई, तिला त्यांनी बोटीची सर्दी असंच नाव दिलं होतं. १९१२ साली अन्नाची तीव्र टंचाई झाली. १९१३ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, आणि त्याच वर्षी बेटावर बिनतारी संदेशाचं यंत्र बसलं.

मग पहिलं महायुद्ध. ब्रिटिश नौदलाने हिर्टावर संदेशकेंद्र उघडलं. नौसैनिक राहायला आले, बोटींचं येणं-जाणं नियमित झालं, बातम्या रोज येऊ लागल्या. १५ मे १९१८ रोजी एका जर्मन पाणबुडीने केंद्रावर ७२ तोफगोळे डागले. माणूस कुणी दगावला नाही. युद्ध संपलं, नौदल निघून गेलं आणि नियमित बोटीही गेल्या. चार वर्षं जगाशी जोडलेलं राहून गाव पुन्हा पहिल्यासारखं तुटलं. विशी-पंचविशीच्या मुलांनी त्या चार वर्षांत जे पाहिलं ते विसरणं शक्य नव्हतं.

१९२० साली गावात ७३ माणसं होती. १९२८ साली ३७.

कोण गेलं ते पाहा. १८९० च्या दशकानंतर धनुर्वातातून वाचलेली मुलं १९२० च्या आसपास ऐन उमेदीत होती. बेटाला कित्येक पिढ्यांनी प्रथमच इतकी मुलं मोठी झालेली मिळाली असणार, आणि नेमक्या त्याच पिढीला बाहेरची वाट दिसली. मृत्युदर आधी खाली येतो, तरुणांची संख्या फुगते, आणि जवळपास संधी नसेल तर ती पिढी बाहेर पडते, हा क्रम जगभर दिसला आहे. हिर्टावर तो एका ओळीच्या घरांमध्ये घडला.

बरं, जाणाऱ्यातल्या कुणाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हाताला ग्लासगोसारख्या शहरात रोख मजुरी मिळते, त्याने का जाऊ नये? पण एक गेला की मागे राहिलेल्यांचं काम वाढतं. दोर धरणारा गेला की कड्यावरचं काम अवघड होतं. मग दुसऱ्याला राहणं आणखी जड जातं. शिवाय पहिल्याने शहरात खोली घेतलेली असते, त्यामुळे दुसऱ्याला उतरायला जागा असते. स्थलांतरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ओळखीतही मोजावं लागतं. समुद्र तेवढाच रुंद राहिला, पण पलीकडे आपलं माणूस असल्याने तो ओलांडणं सोपं झालं. एव्हरेट ली यांनी १९६६ साली स्थलांतराचा विचार मांडताना मूळ जागा आणि नवी जागा यांच्याबरोबर मधले अडथळे आणि माणसाची स्वतःची परिस्थिती हेही धरायला सांगितलं, ते इथे चपखल बसतं.

१९२६ साली इन्फ्लुएन्झाने चार पुरुष गेले. इतक्या लहान गावात चार कर्ते पुरुष जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मोठ्या लोकसंख्येत अशी गोष्ट सरासरीत विरघळून जाते. लहान लोकसंख्येला सरासरीच नसते. एक साथ, एक वादळ, एक उलटलेली होडी भवितव्य ठरवून टाकते.

जानेवारी १९३० मध्ये गावातली एक तरुण बाई आजारी पडली. हवामान खराब, डॉक्टर नाही, बोट मिळेना. शेवटी तिला ग्लासगोच्या रुग्णालयात हलवलं आणि तिथे ती वारली. अपेंडिक्समुळे गेली असं त्या वेळी समजलं गेलं. कित्येक वर्षांनी कागद पाहिल्यावर कळलं की ती बाळंत झाली होती आणि न्यूमोनियाने गेली. कारण काहीही असो, गावाला जे कळायचं ते कळलं होतं.

## समोरचे पर्याय

त्या वसंतात बेटावर ३६ माणसं उरली होती. तेरा पुरुष, दहा बायका, बाकीची मुलं. यातले काही पुरुष त्याच वर्षी मुख्य भूमीवर काम शोधायला निघायच्या बेतात होते. पर्याय चार होते.

एक, मदत वाढवून तिथेच राहायचं. नियमित बोट, चांगला धक्का, बिनतारी यंत्र, परिचारिका. परिचारिका बेटावर आधीपासून होती. पण १९३० पर्यंत प्रश्न सोयींच्या पुढे गेला होता. उद्या धक्का बांधून दिला असता, तरी त्यावर माल चढवायला-उतरवायला माणसं कुठून आणायची?

दोन, बाहेरून कुटुंबं आणून वसवायची. १७२७ नंतर हेच केलं होतं आणि ते साधलं होतं. तेव्हा मालकाला बेट वसलेलं हवं होतं, कारण पिसांना आणि तेलाला किंमत होती. १९३० साली ती उरली नव्हती. आणि आसपासच्या हेब्रिडीज बेटांवरूनही तरुण बाहेरच पडत होते. जिथून माणसं आणायची तिथेच माणसं उरत नव्हती.

तीन, काहीच ठरवायचं नाही. ज्याला जायचं त्याने जावं. बाहेरून पाहता हा सगळ्यात स्वाभाविक पर्याय वाटतो, आणि सगळ्यात क्रूरही हाच. आधी धडधाकट पुरुष जाणार. मग मुलं असलेली जोडपी. शेवटी विधवा आणि म्हातारे एका हिवाळ्यापुरतं सरपण आणि धान्य घेऊन कड्याखाली बसणार. जगात बहुतेक गावं रिकामी होतात ती याच रीतीने, कुणीही काही न ठरवता.

चार, सगळ्यांनी एकदम निघायचं, सरकारी मदत घेऊन.

गावाने चौथा मार्ग धरला. १० मे १९३० ही तारीख घातलेला अर्ज वीस जणांच्या सह्यांनी स्कॉटलंडच्या मंत्र्याकडे गेला. परिचारिकेचा त्यामागे मोठा वाटा होता. अर्जाचा आशय वाचला की या माणसांची समज किती स्वच्छ होती ते कळतं. गेली काही वर्षं कर्ती माणसं कमी होत गेली आहेत, आता एकूण छत्तीस उरलो आहोत, यातले काही जण यंदा जायचं पक्कं करून बसले आहेत, मेंढ्या सांभाळणं, कापड विणणं आणि विधवांची काळजी घेणं हे त्यांच्याच जिवावर चालतं, ते गेले तर उरलेल्यांना आणखी एक हिवाळा इथे काढणं अशक्य आहे. गावात अन्न नाही अशी तक्रार त्यात पुढे केलेली नाही. हातांचा हिशोब मांडला आहे.

आणखी एक वाक्य मला नेहमी थांबवतं. आम्हाला वेगळी वस्ती करून एकत्रच ठेवा असं आमचं मागणं नाही, असंही त्यांनी लिहिलं. हा नुसता विनय होता, की एकत्र राहायचा हट्ट धरला तर मदतच मिळणार नाही ही भीती? अर्ज लिहिताना माणूस समोरच्याला काय देता येईल याचा अंदाज घेऊनच मागतो. तो मुद्दा पुढे महागात पडला, म्हणून ध्यानात ठेवायला हवा.

## काय केलं गेलं

सरकारने अर्ज मान्य केला. एक उपमंत्री स्वतः बेटावर जाऊन आला. मे महिन्यात अर्ज आणि ऑगस्टअखेर स्थलांतर, म्हणजे चार महिनेही लागले नाहीत. हिवाळ्याआधी हे उरकायलाच हवं होतं, त्यामुळे घाईला दोष देता येत नाही.

खर्चाचा भार हलका करायला मेंढ्या विकायचं ठरलं. ऑगस्टच्या अखेरीस मेंढ्या डोंगरावरून हाकून खाली आणल्या आणि आगबोटीवर चढवल्या. ज्या उतारांवर वर्षानुवर्षं या मेंढ्या राखल्या तिथेच त्या शेवटच्या वळायच्या होत्या. कुत्रे सोबत नेता येणार नव्हते. ते समुद्रात बुडवण्यात आले.

२९ ऑगस्ट १९३० च्या सकाळी हेअरबेल या नौदलाच्या जहाजाने माणसं उचलली. निघण्याआधी प्रत्येक घरात उघडं बायबल आणि ओटची छोटीशी रास ठेवली गेली. मग दारं लावून घेतली.

बहुतेकांना मुख्य भूमीवर मॉर्व्हर्न भागात, लोखालिनजवळ घरं दिली आणि पुरुषांना वनखात्यात काम. झाड न पाहता वाढलेल्या माणसांना झाडं लावण्याचं काम. ही गोष्ट गंमत म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. मला त्यात गंमत दिसत नाही. ते काम त्यांनी केलं. पण कड्यावर उतरण्याचं, पक्षी ओळखण्याचं, वारा वाचण्याचं जे कसब पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलं होतं, त्याला नव्या जागी काही मोलच उरलं नाही. स्थलांतरित माणसाचं हे नुकसान कुठल्याही जनगणनेच्या रकान्यात येत नाही.

## निष्पत्ती

जीव वाचले, मुलांना शाळा मिळाली, आजारपणात डॉक्टर मिळाला. तरुणांनी नवं जगणं बरंच लवकर आपलंसं केलं. वयस्कांना ते जड गेलं. घरं एकमेकांपासून लांब होती आणि काही कुटुंबं तर वेगळ्याच भागांत गेली. रोज सकाळी दारासमोर जमून दिवसाचं काम ठरवणारे लोक आता ज्याच्या त्याच्या कामाला जाऊ लागले. घरभाडं, पगार, दुकान या चक्रात वाटणीची जुनी रीत टिकणं शक्य नव्हतं. माणसं जगली, समाज राहिला नाही. काही जण पुढची काही वर्षं उन्हाळ्यात बेटावर परत जाऊन राहत, जुनी घरं उघडत. रेव्हेनस्टाइनचा तो उलटा प्रवाह दिसला तो असा, गाव संपल्यावर.

१९३१ साली बेट विकलं गेलं. १९५७ मध्ये ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे आलं आणि त्याच वर्षी तिथे लष्करी रडार केंद्र उभं राहिलं. १९८६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आजही हिर्टावर माणसं असतात, रडारवर काम करणारी, वारसा सांभाळणारी, संशोधन करणारी. पण त्यांना तिथली लोकसंख्या म्हणता येत नाही. तिथे कुणी जन्मत नाही, कुणी म्हातारं होत नाही. नुसती हजेरी आणि लोकसंख्या यातला फरक एवढ्यावरून स्पष्ट व्हावा.

एक जोडगोष्ट इथे सांगायलाच हवी. १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरच्या १०७ रानटी मेंढ्या रिकाम्या हिर्टावर आणून सोडल्या. आज त्यांच्यावर जगातला एक अतिशय बारकाईचा पशुसंख्येचा अभ्यास चालतो. त्यांची संख्या वाढत वाढत जाते, चारा पुरेनासा होतो, आणि एखाद्या हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर मेंढ्या मरतात. मग पुन्हा वाढ. मेंढीला बेट सोडता येत नाही, म्हणून तिची संख्या जन्म आणि मृत्यू या दोनच दोऱ्यांवर हलते. माणसाला जाता येतं. त्यामुळे माणसांचं गाव संपायला कुणी मरावं लागत नाही.

## दुसरं काय करता आलं असतं

१९३० चा निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. सगळ्यांनी एकत्र निघण्याने म्हातारे मागे पडले नाहीत, हे मोठं काम त्या वीस सह्यांनी केलं. आयर्लंडच्या पश्चिमेला ग्रेट ब्लास्केट बेटावरही १९५३ साली अशीच वेळ आली आणि शेवटची बावीस माणसं हलवावी लागली. म्हणजे ही एका बेटाची कहाणी नव्हती, अटलांटिकच्या काठाकाठाने हेच चाललं होतं.

निर्णय उशिरा झाला हे मात्र खरं. माझ्या हिशोबाने तो घ्यायची वेळ १९१९ ते १९२२ ची होती. तेव्हा सत्तरीवर माणसं होती, तरुण अजून बेटावर होते, नौदलाची बोट नुकतीच थांबली होती. त्या वेळी नियमित बोट चालू ठेवणं, दोन-चार कुटुंबं आणणं, विणकामाला ठरावीक बाजार मिळवून देणं, यातलं काहीतरी पेलण्यासारखं होतं. ते कुणी केलं नाही, कारण ७३ हा आकडा घाबरवणारा नव्हता. पन्नास वर्षं तो तेवढाच तर होता. त्या ७३ मध्ये होडी वल्हवू शकणारे किती, त्यांतले अविवाहित किती, त्यांना लग्नासाठी गावात मुली किती, हे प्रश्न विचारले असते तर पुढची आठ वर्षं दिसली असती. एकूण संख्या स्थिर असताना आतली वयोरचना ढासळत असते. हे आजही गावोगाव, देशोदेशी होतं, आणि आजही बहुतेक ठिकाणी एकूण आकडाच पाहिला जातो.

दुसरी चूक वसवण्यातली. लोकांनी एकत्र राहण्याचा आग्रह धरला नाही म्हणून त्यांना विखरू दिलं. अर्ज शब्दशः पाळला गेला, पण त्यामागचा संकोच कुणी वाचला नाही. एक गल्ली, पाच-सहा घरं शेजारीशेजारी, एवढं दिलं असतं तरी बोली, गाणी, एकमेकांची देखभाल काही काळ तगली असती. विस्थापितांना काय हवं हे त्यांना एकदाच, तेही संकटाच्या भरात विचारून चालत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारावं लागतं.

पुन्हा विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण दक्षिण अटलांटिकमध्ये आहे. १९६१ साली ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर ज्वालामुखी जागा झाला आणि २६० च्या वर रहिवाशांना ब्रिटनमध्ये हलवलं गेलं. तिथे त्यांना घरं आणि नोकऱ्या मिळाल्या. पुढच्या वर्षी त्यांना परत जायचं का, असं विचारून मतदान घेतलं. १४८ जण परत जाण्याच्या बाजूने, पाच विरुद्ध. १९६३ पर्यंत बहुतेक जण परतले आणि बेट आजही नांदतं आहे. त्यांना परतणं जमलं, कारण ते सर्व वयाचे होते, संख्येने पुरेसे होते, आणि बेटाभोवती खेकड्याच्या जातीच्या शेवंडांची मासेमारी हे उत्पन्नाचं साधन होतं. सेंट किल्डाच्या लोकांना १९३१ साली असंच विचारलं असतं तर काहींनी हो म्हटलं असतं याबद्दल मला शंका नाही. जाऊन करायचं काय, या प्रश्नाला तोवर उत्तर उरलं नव्हतं. परतीची वाट शिल्लक ठेवायची असेल तर माणसं पुरेशी असतानाच ती ठेवावी लागते.

१९३० च्या त्या जहाजावर एक आठ वर्षांची मुलगी होती. छत्तिसांतली ती शेवटची. २०१६ साली, ९३ व्या वर्षी ती मुख्य भूमीवर वारली.